कंपाससाठी तीन मिनिटं

३ जून, मंगळवार

रविवारी आपण हरलो हे लिहायला मला दोन दिवस लागले. फुटबॉल सिझनचा शेवटचा सामना, घरचं मैदान, समोर तळाचा संघ, आणि तरी शून्य-दोन. आपल्या मधल्या फळीतली तिन्ही मुलं बाविशीच्या आतली. पळतात झकास, पण कुठे पळायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. चेंडू पायाशी आला की तापलेली इस्त्री हातात आल्यासारखा लगेच टाकून देतात. मी उभी राहून इतकी ओरडले की मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी न मागता पाण्याची बाटली पुढे केली.

आज पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. कंपासचा मोठ्या क्लबशी असलेला करार संपला, तो मोकळा आहे. कंपास म्हणजे आपल्याच क्लबात वाढलेला पोरगा. एका जागी उभा राहून चेंडू असा मोजून द्यायचा की सगळं मैदान त्याला कंपास म्हणायला लागलं. पंधरा वर्षं बाहेर खेळला. आता छत्तीस वर्षांचा आहे. मी चहा तसाच ठेवून खाली कारखान्यात गेले.

कारखाना म्हणजे आमच्या घराखालचा मोठा हॉल. सहा मशीनं, एक इस्त्रीचं टेबल आणि मधोमध नानांचं कटिंगचं टेबल. आम्ही गणवेश शिवतो, हॉटेलवाल्यांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे. नाना, म्हणजे माझे वडील, कापतात, बाकीच्या शिवतात आणि मी सगळ्यांवर ओरडते.

"नाना, कंपास मोकळा झालाय."

नानांनी खडू खाली ठेवला. "होऊ दे की मग मोकळा."

"आपण घ्यायला पाहिजे त्याला."

"कशाला? संपला तो. पास दिला की गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो, बघितलं नाहीस?"

"डोकं तर शाबूत आहे ना?"

"डोकं शेवटपर्यंत असतं गं. हात ऐकत नाही."

"हात?"

"पाय. पाय म्हणायचं होतं मला."

एकाहत्तर वर्षं म्हणजे शब्द इकडचे तिकडे व्हायचेच.

५ जून, गुरुवार

क्लबच्या घटनेत एक कलम आहे. शंभर सभासदांच्या सह्या आणल्या तर कुणालाही वार्षिक सभेत तीन मिनिटं बोलता येतं, आणि सभेने उचलून धरलं तर समितीला ते टाळता येत नाही. आजवर हे कलम पार्किंग आणि मुतारी यांच्यासाठीच वापरलं गेलंय. मी ते कंपाससाठी वापरणार.

संध्याकाळी अर्ज लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं की तो महान आहे. खोडलं. महान आहे हे समितीलाही कळतं, त्यांना कळत नाही ते वेगळंच. मागच्या सिझनची कात्रणं काढून बसले. अकरा सामने आपण एका गोलने हरलो, आणि त्यातले आठ शेवटच्या पंधरा मिनिटांत. म्हणजे सव्वा तास आपण बरे असतो. मग पोरं घाबरतात, घाई करतात, चेंडू समोरच्याच्या पायात नेऊन देतात. अशा वेळी चेंडूवर पाय ठेवून 'थांबा रे जरा' म्हणणारा एक माणूस लागतो. तो विकत मिळत नाही, पिकतो. कंपासला पळायची गरजच नाही. पळायचं काम चेंडूने करावं.

हे जमलं. स्वतःचंच लिहिलेलं तीन वेळा वाचलं.

मध्येच भावजय आली. भाऊ जहाजावर असतो, आठ-आठ महिने. ती आमच्यातच राहते, तिसऱ्या मशीनवर बसते.

"ताई, हॉटेलच्या कोटांचं कटिंग मी करून बघू का? नानांनी शिकवलंय मला."

"ऑर्डरींचा सिझन संपू दे, मग बघू," म्हटलं. दोन वर्षं मी तिला हेच सांगतेय. पण साठ कोटांची ऑर्डर म्हणजे हात साफ करायची जागा नाही. कात्री एकदा फिरली की फिरली. चुकलेली शिवण उसवता येते, चुकलेलं कापड जोडता येत नाही.

८ जून, रविवार

एकवीस सह्या. काज-बटणवाल्या मावशींनी फुटबॉल कधी बघितला नाही, सभासद कार्डही नवऱ्याच्या नावाचं, तरी सही करायला तयार होत्या. मी नको म्हटलं. नियमाने चालायचं.

नानांनी सही केली नाही. "मला कशाला त्याच्या भानगडीत पाडतेस?" म्हणाले आणि चहा प्यायले, कप दोन्ही हातांनी धरून. हल्ली त्यांना कप गरम लागतो.

११ जून, बुधवार

आजचा दिवस डायरीत नसता तर बरं झालं असतं.

दुपारी मावशी माझ्याकडे हातात दोन तुकडे घेऊन आल्या. हॉटेलच्या कोटांचे पुढचे भाग. "हे दोन्ही डावेच दिसतायत मला," हळूच म्हणाल्या. मी हसले. मग गठ्ठा उघडला. दुसरा उघडला. एकशे वीस पुढचे भाग, आणि एकशे वीसच्या एकशे वीस डावे.

कोटाला एक डावा आणि एक उजवा भाग लागतो, हे कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही कळतं. जाड कापडाला सुलट आणि उलट बाजू असते. थर लावताना निम्मे थर उलटे लावायचे, म्हणजे एकाच कापात डावा-उजवा दोन्ही निघतात. नानांनी सगळे थर सुलटेच लावले. पन्नास वर्षं कात्री चालवणाऱ्या माणसाने. मला तर पहिल्या महिन्यात त्यांनीच हे शिकवलं होतं, आणि विसरले म्हणून बोटांवर गजाची पट्टी मारली होती.

नाना वर जेवून पडले होते. मी मावशींना म्हटलं, "कुणाला बोलायचं नाही."

"अगं पण त्यांना विचार तरी."

"काय विचारू? तुम्हाला डावं-उजवं कळत नाही का, असं?"

मी चुकलेले साठ भाग पोत्यात भरून माळ्यावर टाकले. संध्याकाळी नानांना सांगितलं की गिरणीने डाग असलेलं कापड पाठवलं होतं, सगळं परत केलं, नवीन येतंय.

"डाग? मला नाही दिसला," नाना म्हणाले.

"बारीक होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि उजवं मनगट चोळत वर गेले.

१३ जून, शुक्रवार

दोन दिवस झोप नाही नीट. खरं काय ते इथे तरी लिहायला हवं. आजोबांनीही पन्नास वर्षं कापलं. मग एके दिवशी आई-बाबांनी, म्हणजे आई आणि नानांनी, त्यांना म्हटलं, आता बसा आरामात. आजोबा बसले. चौथ्या महिन्यात गेले. आजार काही नव्हता. माणूस टेबलावरून उठला आणि विझला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, पण मला त्यांची रिकामी बसलेली पाठ अजून दिसते.

आई गेल्यावर मी नोकरी सोडून खाली आले ती नानांना टेबलावर ठेवायला. कारखाना चालवायला नव्हे. मी असेपर्यंत त्यांना कुणी 'बसा' म्हणणार नाही. मीही नाही.

१६ जून, सोमवार

नवीन कापड आलं. नाना म्हणाले, "सूनबाईला माझ्या हाताखाली दे. थर लावायला माणूस लागतो." दिलं. बरंच झालं, थरांची चूक परत व्हायची नाही.

सह्या त्र्याऐंशी.

१९ जून, गुरुवार

कोटांचं कटिंग झालं. बघून डोळे निवले. काठाला काठ, एक दोरा इकडे-तिकडे नाही. हीच ती पन्नास वर्षं! मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा, असं कापतात." नाना हाताचा खडू झटकत राहिले. भावजय खाली बघून चिंध्या गोळा करत होती.

एक गोष्ट. नाना आता खडूच्या रेघा बारीक मारायला लागलेत. आधी बोटभर जाड असायच्या.

टेबलाखाली कुणीतरी बुटकं लाकडी खोकं ठेवलंय. मी अडखळून पडता पडता वाचले. ओरडले तर सगळ्या आपापल्या मशीनवर मान घालून बसल्या. या कारखान्यात वस्तूंना पाय फुटतात आणि माणसांना वाचा फुटत नाही.

२१ जून, शनिवार

सभा झाली. सह्या एकशे सात.

हॉलमध्ये पंखे तीन आणि माणसं साडेतीनशे. सेक्रेटरी एका बाजूला घंटी घेऊन बसले होते. तीन मिनिटं झाली की वाजवणार. अकरा सामन्यांचं सांगितलं, आठांचं सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "छत्तीस वर्षांचा आहे तो, ताई!"

मग माझ्या हातातला कागद राहिला बाजूला. मी म्हटलं, "छत्तीस? माझे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत. ते बसलेत बघा तिसऱ्या रांगेत. याच आठवड्यात त्यांनी साठ कोट कापले, एक दोरा चुकला नाही. त्यांच्या जागी तिशीतला कुणी बसवला असता तर आज माझा कारखाना बंद असता. अनुभवाला रिटायर करायचं नसतं हो, त्याला खेळवायचं असतं!"

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. मी नानांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. भरून आलं असणार.

सेक्रेटरी म्हणाले, "भावना समजतात, पण गुडघ्यांचं काय? त्याला स्वतःला यायचंय का, हे कुणी विचारलंय का?"

हा काय प्रश्न झाला! घरी यायला कुणाला नको असतं?

दोनशे बारा विरुद्ध एकशे एकोणचाळीस. आपण जिंकलो.

परत आल्यावर दारात नाना म्हणाले, "सतरा वर्षांचा असताना माप घेतलं होतं मी त्याचं. क्लबच्या कोटासाठी. एका जागी उभा राहायचा नाही पोरगा. टेप लावला की हलायचा."

४ जुलै, शुक्रवार

कंपासने सही केली. एक वर्षासाठी. फोटोत हसतोय, पण थकलेला दिसतो. प्रवासाचा शीण असेल.

१७ जुलै, गुरुवार

दवाखान्याच्या दोनशे पँटी वेळेआधी कापून झाल्या. एकही चूक नाही. मात्र नाना अर्धा वेळ दारापाशी स्टुलावर बसलेले दिसतात. मी आले की उठून टेबलाजवळ जातात. म्हटलं, "पाय दुखतात का?" तर म्हणाले, "एक बोलायचं होतं. आता मी..."

तेवढ्यात इस्त्रीवालीने काहीतरी जाळलं. मी तिकडे धावले. परत आले तर म्हणाले, "काही नाही, राहू दे." या घरात कुणी एक वाक्य धड पूर्ण करेल तर शपथ.

९ ऑगस्ट, शनिवार

पहिला सामना. दोन-एक, आपण!

कंपास पळाला नाही. चालला. पन्नासाव्या मिनिटाला त्याने मान वर न करता डावीकडून उजवीकडे असा पास टाकला की आपला स्ट्रायकर स्वतःच गोंधळला, चेंडू आला कुठून म्हणून. शेवटच्या पंधरा मिनिटांत चेंडूवर पाय ठेवून उभा राहिला, हाताने सगळ्यांना सांगत, हळू, हळू. हेच मी तीन मिनिटांत सांगितलं होतं. पाण्याची बाटली देणारे गृहस्थ माझ्याशी हस्तांदोलन करून गेले.

नाना म्हणाले, "सुरेख." मग म्हणाले, "कंबर चार इंच वाढलीय."

१६ ऑगस्ट, शनिवार

कोचने त्याला साठाव्या मिनिटाला बाहेर काढलं आणि आपण बरोबरीत सुटलो. मी कोचच्या नावाने शंख केला. पुढच्या वेळी त्याला काढलं तर सगळा पूर्वेकडचा स्टँड उभा राहील, अशी व्यवस्था मी केली आहे. घोषणाही ठरली: 'कंपास राहील!'

३० ऑगस्ट, शनिवार

हात चालत नाहीत लिहायला. घसा पूर्ण बसलाय.

बासष्टावं मिनिट, एक-एक. कंपास मध्यावर थांबला, बाकाकडे वळला आणि दोन्ही हात छातीपाशी आणून तर्जन्या एकमेकींभोवती फिरवल्या. बदली करा, ही खूण. लहान पोरालाही कळते. कोचने बदली खेळाडू उभा केला, आणि आम्ही सुरू झालो. 'कंपास राहील! कंपास राहील!' सगळा स्टँड. सर्वांत मोठा आवाज माझा. कोच आमच्याकडे बघायला लागला. त्याने बदली खेळाडूला खाली बसवलं.

नानांनी माझी बाही ओढली. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "अगं तो मागतोय! कळत नाही का तुला? तो स्वतः मागतोय!"

"घाबरलाय तो, नाना. आपण आहोत ना!"

कंपासने परत एकदा बोटं फिरवली. आमच्याकडे बघून. मग हात खाली सोडले आणि खेळायला लागला. दहा मिनिटांनी एका साध्या चेंडूवर वळताना बसला, तो उठलाच नाही. स्ट्रेचर आलं. बाहेर नेताना त्याने एक हात डोळ्यांवर ठेवला होता. एक-दोन हरलो, पण ते मला आत्ता लिहिताना आठवलं.

नाना माझ्या पुढे पुढे चालत घरी आले. माझ्यासाठी थांबले नाहीत.

३१ ऑगस्ट, रविवार

पेपरात आहे: गुडघा, आठ आठवडे. सेक्रेटरींचा सभेतला प्रश्न दिवसभर कानात वाजत होता. विचारलं नव्हतं. एकशे सात जणांना विचारलं, त्याला सोडून.

नाना जेवताना फक्त 'मीठ दे' एवढंच बोलले.

१ सप्टेंबर, सोमवार

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी साडेनऊ. दवाखान्याच्या कोटांचे चाळीस थर टेबलावर लावलेले. नानांनी मोठी कात्री उचलली. मी बटणं मोजत होते म्हणून समोरच होते. कात्री उघडली, मिटली, परत उघडली. हात थरथरत होता. आज त्यांनी तो लपवला नाही. कात्री खाली ठेवली, माझ्याकडे तोंड केलं, दोन्ही हात छातीपाशी आणले आणि बोटं एकमेकींभोवती फिरवली.

आधी वाटलं, टोमणा मारतायत शनिवारचा. पण नाना हसत नव्हते. एक मशीन थांबलं, मग दुसरं.

मला म्हणायचं होतं, नाना, एवढी मोठी ऑर्डर आहे. म्हणायचं होतं, तुमच्याशिवाय जमणार नाही. तोंड उघडलं, पण शनिवारी ओरडून घसा बसला होता, नुसती हवा निघाली. नानांनी परत एकदा बोटं फिरवली. सावकाश, मला कळेल अशी.

"आत कोण येणार?" मी कुजबुजले.

नानांनी हनुवटीने दाखवलं. भावजय तिसऱ्या मशीनवरून उठली, टेबलापाशी आली आणि खाली न बघता पायानेच ते बुटकं खोकं ओढून त्यावर उभी राहिली. दाराशी काढलेल्या चपलेत पाय घालावा तितक्या सवयीने. ती बुटकी आहे. टेबल नानांच्या उंचीचं आहे.

बारीक रेघा. साठ कोट. दोनशे पँटी. सभेतलं माझं भाषण.

"कधीपासून?"

"जूनपासून, ताई," ती म्हणाली. "नवीन कापड आलं तेव्हापासून."

मला राग आला, खोटं कशाला लिहू? मावशींपासून इस्त्रीवालीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. साडेतीनशे माणसांसमोर मी जिच्या कटिंगचं कौतुक केलं, तिलाच दोन वर्षं 'सिझन संपू दे' म्हणत होते. "मला का नाही सांगितलंत?"

"तीन महिने सांगतोय," नाना म्हणाले. "तू कंपासचंच धरून बसलीस." मग जरा हळू: "मी तुझ्या आजोबांसारखा जाणार नाही गं. ते घरात बसले होते. मी इथे दारापाशी बसेन. तुमचा खेळ बघेन."

ही भीती मी कुणाला कधी सांगितलेली नाही. फक्त इथे लिहिली आहे. त्यांनी ही वही वाचली असेल असं वाटत नाही. त्यांना वहीची गरज पडली नसावी.

मी टेबलाखालून कोटाच्या पाठीचा पुठ्ठ्याचा फर्मा घेतला. लाल खडूने नानांचं वय लिहिलं, ७१, हिरव्याने भावजयीचं, ३४, आणि बदलीच्या वेळी मैदानावर पंच पाटी धरतात तसा डोक्यावर धरला. नानांनी गळ्यातला टेप काढला, कर्णधार दंडावरची पट्टी काढून देतो तसा सूनबाईच्या गळ्यात घातला आणि निघाले. जिंकत असलेल्या संघातला माणूस जसा मुद्दाम वेळ काढत बाहेर येतो तसे, रमतगमत, प्रत्येक मशीनपाशी थांबत. मावशी पहिल्यांदा टाळ्या वाजवायला लागल्या. फर्मा धरलेला असल्याने मला वाजवता आल्या नाहीत. रडताही नीट येईना, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

भावजयीने कात्री उचलली. मशीनं सुरू झाली. मी परत बटणं मोजायला बसले. आजोबांची पाठ डोळ्यांसमोरून जात नव्हती, म्हणून दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. नाना स्टुलावर पुढे झुकून बसले होते, डोळे टेबलावर.

अकराच्या सुमारास तिकडून खणखणीत हाक आली.

"सूनबाई! सुलट-उलट बघून थर लाव हं! सगळे डावे कापलेस तर ताई परत गिरणीच्या माथी मारेल!"

सगळा हॉल हसला. मी मान वर केली नाही. बटणं एकशे चाळीस होती की एकशे पन्नास, ते विसरले, आणि पहिल्यापासून मोजायला लागले.